‘नाही’ म्हणणाऱ्याची सही कुठे आहे?

मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरी आरोग्यविम्याचं नकारपत्र पडलेलं असेल तर ते बाहेर काढा आणि शेवटची ओळ वाचा. हे पत्र संगणकाने तयार केलेलं असून त्यावर सहीची आवश्यकता नाही, असं बहुधा तिथे छापलेलं असेल. शाळेत असताना मुलाच्या रजेच्या अर्जावर पालकांची सही नसेल तर आम्ही अर्ज परत पाठवत असू. एका दिवसाच्या रजेला सही लागते, पण एखाद्या बाईच्या डोळ्यावरचा उपचार आम्हाला मान्य नाही असं कळवायला सही लागत नाही!

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलेला उपचार वैद्यकीय कारण देऊन कुणी नाकारणार असेल, तर नाकारणारा माणूसही त्याच विषयातला डॉक्टर असला पाहिजे. त्याने स्वतःचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही देऊन नकार कळवला पाहिजे. याहून जास्त मी काही मागत नाही.

आता प्रकरण सांगतो. नातेवाइकांना ते तुकड्यातुकड्याने माहीत आहे, त्यांनाही सलग कळेल.

२०२४ च्या जुलैमध्ये, आमच्या लोणावळ्यात पाऊस कोसळत असताना, सौ. म्हणू लागली की खिडकीतून दिसणारा विजेचा खांब मधेच वाकल्यासारखा दिसतो. उजवा डोळा झाकला की खांब वाकडा, डावा झाकला की सरळ. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्यासमोर चौकटीचा कागद धरला. मधल्या रेघा तिला लाटांसारख्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, “सर, हे माझं काम नाही. पुण्याला रेटिनाच्या माणसाकडे जा, आणि या आठवड्यातच जा.”

या आजाराला वेट मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर मॅक्युला नावाचा बारीक भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. उतारवयात काहींच्या बाबतीत त्याच्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. कडेकडेचं दिसत राहतं, मधलं जातं. समोर माणूस उभा आहे हे कळतं पण चेहरा दिसत नाही. यावर औषध आहे. ते डोळ्याच्या आत इंजेक्शनने द्यावं लागतं. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने तीन, मग डोळा बघून पुढची. ऑपरेशन थिएटरमध्ये, डोळा बधिर करून, निर्जंतुक व्यवस्थेत ते देतात आणि दोन-तीन तासांनी घरी सोडतात. उशीर झाला तर पडद्यावर व्रण धरतो, आणि व्रण धरलेल्या जागेची नजर परत येत नाही.

आमची पॉलिसी २०१० पासूनची. चौदा वर्षांत एक रुपयाचाही क्लेम नव्हता. हप्ता मात्र दरसाल वेळेवर, माझ्या पेन्शनमधून. एका इंजेक्शनचं बिल आलं ३१,४०० रुपये.

आधी कॅशलेस मागितलं. उत्तर आलं की हे रुग्णालय आमच्या यादीत नाही, यादीतल्या अमुक ठिकाणी जा. मी तिथे फोन केला. मोतीबिंदू करतो, रेटिनाचं काम आमच्याकडे होत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. हे मी कंपनीला कळवलं. त्याला उत्तर नाही. आम्ही पहिलं इंजेक्शन पैसे भरून घेतलं आणि ऑगस्टमध्ये क्लेमचे कागद पाठवले.

मग सुरू झालं एकेक पत्र. पहिलं, स्कॅनची मूळ प्रत जोडलेली नाही. जोडली. दुसरं, रुग्ण चोवीस तास दाखल का नव्हता? उत्तर दिलं. तिसरं, त्या रुग्णालयात पंधरा खाटा आहेत का? पुन्हा उत्तर. ऑक्टोबरमध्ये शेवटचं पत्र आलं: हा उपचार ओपीडी स्वरूपाचा असल्याने दावा नामंजूर. तोवर तिन्ही इंजेक्शनं झाली होती आणि खिशातून ९४,२०० रुपये गेले होते.

मी आयुष्यभर मुलांना वाक्यपृथक्करण शिकवलं. म्हणून पॉलिसीचं पुस्तक घेऊन बसलो. त्यात ‘डे-केअर उपचारा’ची व्याख्या आहे. भूल देऊन वा जागा बधिर करून, रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात, तंत्रज्ञान सुधारल्यामुळे चोवीस तासांच्या आत उरकणारा उपचार, असा तिचा अर्थ. शेवटी एक शेपूट आहे: जो उपचार सर्वसाधारणपणे ओपीडीत होतो, तो यात धरला जाणार नाही. आता हे ‘सर्वसाधारणपणे’ कुणी ठरवायचं? वाक्यात कर्ता नाही. ज्या वाक्याला कर्ता नसतो, त्याचा कर्ता बलवान पक्ष होतो. हे मला व्याकरणाने शिकवलं नव्हतं, विमा कंपनीने शिकवलं.

खरं तर हा प्रश्न उरायलाच नको होता. विमा नियामक प्राधिकरणाने, ज्याला आपण इर्डा म्हणतो, २७ सप्टेंबर २०१९ रोजी एक मार्गदर्शिका काढली. तीत आधुनिक उपचारांची बारा नावांची यादी आहे आणि हे उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असं म्हटलं आहे. वैद्यकीय गरज असेल तेव्हा ते रुग्णालयात दाखल करून किंवा डे-केअर म्हणून दिले तरी विम्यात धरायचे. यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, मेंदूत तारा बसवून करायचा कंपवाताचा उपचार आहे, आणि डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शनही आहे. नाव घेऊन आहे. खाटांचंही तसंच. पंधरा खाटांची अट ‘रुग्णालया’च्या व्याख्येत आहे, आणि दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात ती दहावर येते. ‘डे-केअर केंद्रा’च्या व्याख्येत खाटांचा आकडाच नाही. कंपनीने एका व्याख्येतली अट उचलून दुसरीला चिकटवली होती. दहावीच्या मुलाने असं केलं असतं तर मी मार्क कापले असते.

हा नियम कंपनीला ठाऊक नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही. ज्यांचा धंदाच नियमांचा, त्यांना नियम माहीत असतात. मग नकार का? माझ्या मते उत्तर साधं आहे. नकाराला खर्च नाही. पत्र यंत्र काढतं, टपाल ई-मेलने जातं. दहा जणांना नकार दिला आणि त्यातले सात गप्प बसले, तर सात जणांचे पैसे वाचले. उरलेल्या तिघांना द्यायचे ते शेवटी द्यावे लागतात, तेही उशिरा. मंडईत भाजीवाली पहिला भाव सांगते तसा हा नकार आहे. ज्याला घासाघीस करता येत नाही, तो पहिल्या भावाने जातो. फरक एवढाच की भाजी महाग मिळाली तर डोळा जात नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पवन मावळात राहतो, टेम्पो चालवतो. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्याच्या वडिलांना हाच आजार झाला. विमा होता, धाकट्या भावाच्या कारखान्यातून मिळालेला. पहिल्या इंजेक्शनचा क्लेम ‘ओपीडी’ म्हणून परत आला. पत्र इंग्रजीत. घरात कुणालाच ते नीट कळलं नाही. ‘कंपनी नाही म्हणाली’ एवढंच कळलं, आणि कंपनी नाही म्हणाली म्हणजे इंजेक्शनची तेवढी गरज नसेल असं वडिलांनी ठरवलं. भातलावणीचे दिवस होते. दुसरं इंजेक्शन राहिलं ते राहिलंच. आज त्यांना त्या डोळ्याने उजेड कळतो, बाकी काही नाही. त्यांच्या हातात आलेलं पत्र आणि माझ्या हातात आलेलं पत्र यांत मजकुराचा फरक नव्हता. मला इंग्रजी वाचता येतं, मोडायला मुदतठेव होती आणि पेन्शनरला वेळच वेळ असतो. त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं.

आमच्या घरातही हेच घडू पाहत होतं. पहिलं पत्र आलं तेव्हा सौ. म्हणाली होती, “दुसरं इंजेक्शन थांबवू या का? त्यांचं काय ते ठरू दे. एवढे पैसे कुठून आणायचे दर महिन्याला?” मी ठेव मोडली आणि तिला घेऊन लोकलने पुण्याला गेलो. पण तिच्या त्या वाक्याचा मला आजही राग येतो. तिचा नव्हे, ज्यांनी तिला तसं बोलायला लावलं त्यांचा. कंपनी म्हणते, आम्ही उपचार नाकारत नाही, फक्त पैसे नाकारतो. पेन्शनवर जगणाऱ्या घरात या दोन गोष्टी एकच असतात.

कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवं. खोटी बिलं होतात, हे मला मान्य आहे. ‘इन्शुरन्स आहे का?’ हा प्रश्न काही ठिकाणी नाडी बघण्याआधी विचारला जातो, आणि ‘आहे’ म्हटलं की आकडा फुगतो, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. लबाडी पकडायलाच हवी, कारण तिचा भुर्दंड शेवटी आपल्याच हप्त्यात येतो. पण लबाडी पकडायची तर स्कॅन बघावा लागतो, डॉक्टरला फोन करावा लागतो, गरज वाटल्यास रुग्ण दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावा लागतो. आमच्या बाबतीत यातलं काहीही झालं नाही. बिल खोटं आहे असं कंपनी एकदाही म्हणाली नाही. इंजेक्शनची गरज नव्हती, असंही म्हणाली नाही. मग लबाडीचा मुद्दा इथे येतो कुठे?

हा आजार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. माझ्या अमेरिकेतल्या पुतण्याने एक बातमी धाडली होती. तिथल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने मार्च २०२३ मध्ये सिग्ना या मोठ्या विमा कंपनीबद्दल छापलं की, २०२२ मधल्या दोन महिन्यांत कंपनीच्या डॉक्टरांनी तीन लाखांहून अधिक दावे नाकारले आणि एका दाव्यावर सरासरी १.२ सेकंद घालवले. सव्वा सेकंदात मी हजेरीपटावरचं एक नाव वाचू शकत नाही! पण तिथेच पुढे कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. वैद्यकीय गरज नाही म्हणून उपचार नाकारायचा असेल तर तो निर्णय नुसत्या यंत्राने घ्यायचा नाही, त्या विषयाची जाण असलेल्या परवानाधारक डॉक्टरने वा वैद्यकीय व्यावसायिकाने घ्यायचा. म्हणजे मी मागतोय ते काही आकाशातलं चांदणं नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेचं सांगितलेलं आहे. १३ एप्रिल २०१८ चा शिवकांत झा यांच्या खटल्याचा निकाल. हे केंद्र सरकारचे निवृत्त अधिकारी. सरकारी यादीत नसलेल्या विशेषज्ञ रुग्णालयात हृदयावर उपचार घेतले म्हणून त्यांचे पैसे अडवले होते. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, रुग्णावर कसा उपचार करायचा हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे, आणि उपचार खरोखर झाला का हे तपासायचं. रुग्णालयाचं नाव यादीत नाही एवढ्याच कारणाने पैसे नाकारता येणार नाहीत. तो खटला सरकारी आरोग्य योजनेचा होता, खासगी पॉलिसीचा नव्हता, हे मान्य. पण त्यातला विचार कुणी पुसू शकत नाही.

नियम सुधारलेही आहेत. इर्डाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडतानाची मंजुरी तीन तासांत द्यायची. कुठलाही दावा नाकारण्याआधी कंपनीच्या तीन सदस्यांच्या समितीने तो बघायचा. पाच वर्षं पॉलिसी सलग चालू असेल तर पूर्वीचा आजार लपवला म्हणून, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही. पॉलिसीचा सारांश साध्या शब्दांत, आणि मागितल्यास आपल्या भाषेत द्यायचा. चांगलं आहे सगळं. पण माझ्या पत्रावर त्या तीन सदस्यांतल्या एकाचंही नाव नव्हतं. त्यात डोळ्यांचा डॉक्टर होता का? डॉक्टर तरी होता का? मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. आणि मराठी सारांश मागितला तर इंग्रजीच पुन्हा आला, यावेळी रंगीत.

बघा, साध्या सर्दीची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरलाही चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक टाकावा लागतो. २००२ पासून तसा नियमच आहे. ती चिठ्ठी फिरवणाऱ्याला मात्र नाव-गाव काही लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्यावरून काय भांडायचं. इर्डाच्याच २०२३-२४ च्या अहवालात आरोग्यविम्याचे सुमारे १ लाख १७ हजार कोटींचे दावे आले आणि त्यातली सुमारे ७१ टक्के रक्कम दिली गेली. बाकीची सगळीच अन्यायाने अडवली असं मी म्हणणार नाही, काही दावे वर्षअखेरीला चालूही असतील. पण त्या उरलेल्या रकमेत पवन मावळातल्या त्या म्हाताऱ्यासारखे किती असतील, हे कुणी मोजत नाही. गप्प बसलेल्यांचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो.

आता आमच्या प्रकरणाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, इर्डाच्या बिमा भरोसा या संकेतस्थळावरही नोंद केली. डिसेंबरमध्ये जुनाच मजकूर परत आला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. मार्चमध्ये सुनावणीची नोटीस दोन्ही बाजूंना गेली. आणि सुनावणीच्या आधीच कंपनीचा फोन आला, गोड आवाजात. “सर, तुमची केस आम्ही पुन्हा तपासली आहे.” किरकोळ रक्कम कापून बाकी सगळे पैसे खात्यात जमा झाले.

पॉलिसी तीच, कलम तेच, स्कॅन तोच, डोळा तोच. नवा कागद मी एकही दिला नव्हता. मग ऑक्टोबरमध्ये ‘नाही’ होतं ते मार्चमध्ये ‘हो’ कसं झालं? आता कुणातरी तिऱ्हाइतासमोर बसून, आपल्या तोंडाने ते ‘नाही’ समजावून सांगायची पाळी आली होती. तसं करायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मी सहीचा आग्रह धरतो. नाव घालून सही करायची असती तर तो नकार ऑक्टोबरमध्येच निघाला नसता.

तुमच्यावर वेळ आली तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. डॉक्टरांकडून उपचाराची गरज, आणि उशीर झाल्यास काय होईल, हे चार ओळींत लिहून घ्या. फोनवर काही ठरवू नका, सगळं लेखी. नकार कोणत्या कलमाखाली, आणि कोणत्या डॉक्टरने बघून दिला, हे दोन प्रश्न पहिल्याच पत्रात विचारा. कंपनीकडून अंतिम नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर लोकपालांकडे जा. नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे चालतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आणि शेजारीपाजारी कुणाच्या हातात असं इंग्रजी पत्र दिसलं तर ते वाचून दाखवा. आपल्यासारख्या निवृत्तांनी एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

सौ.चा डोळा बराच सावरला आहे. खांब अजून किंचित वाकडा दिसतो, पण पेपर वाचते, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा थोडं पाणी दिसलं म्हणून चौथं इंजेक्शन घेतलं. क्लेम पाठवला. सप्टेंबरमध्ये पत्र आलं: उपचार ओपीडी स्वरूपाचा असल्याने दावा नामंजूर. हे पत्र संगणकाने तयार केलेलं असून त्यावर सहीची आवश्यकता नाही.

उत्तर मी त्याच दिवशी लिहिलं. या वेळी मराठीत, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.